मेंदू-मणक्याच्या ऑपरेशनांचे परिणाम: मृत्यूदराच्या पुढे काय मोजायचं आणि कसं?

न्यूरोवॉर्ड

न्यूरोसर्जरी विभागांच्या वार्षिक अहवालात बहुधा दोनच आकडे ठळक असतात: ऑपरेशनं किती झाली आणि पेशंट किती दगावले. एवढ्यावरून तिथे पेशंटची काळजी कशी घेतली जाते हे कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेली रेस्क्यू-आयसीपी ही चाचणी बघा. डोक्याला जबर मार लागलाय आणि कवटीतला दाब औषधांना दाद देत नाही, अशा पेशंटांत कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यायची की औषधंच चालू ठेवायची, हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात २६.९% मृत्यू, औषधांच्या गटात ४८.९%. केवळ मृत्यूदर छापला तर ऑपरेशनने बाजी मारली म्हणून विषय संपतो. पण त्याच वेळी व्हेजिटेटिव्ह अवस्थेत (डोळे उघडे, पण भान नाही) राहिलेले पेशंट ऑपरेशनच्या गटात ८.५% होते आणि औषधांच्या गटात २.१%. "निदान घरात तरी स्वतःचं स्वतः करू शकतात" असे ४२.८% विरुद्ध ३४.६%, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. बारा महिन्यांनी तेच आकडे ४५.४% आणि ३२.४% झाले आणि तेव्हा तो टिकला. पेशंट तेच, ऑपरेशन तेच. कोणती पट्टी लावली आणि कधी लावली, यावर उत्तर बदललं.

म्हणून नोंदवही उघडण्याआधी चार गोष्टी लेखी ठरलेल्या हव्यात. कोणाला मोजायचं, केव्हा मोजायचं, कोणी मोजायचं आणि सुरुवातीला पेशंट कोणत्या अवस्थेत होता.

पहिल्या मुद्द्यातच आपल्याकडचे बरेच आकडे गळतात. गंभीर हेड इंज्युरीचा पेशंट, नातेवाईक चौथ्या दिवशी डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गावी घेऊन जातात, तो घरी दगावतो. रुग्णालयाच्या हिशेबात तो "डिस्चार्ज". डामा वेगळा दाखवला नाही तर रुग्णालयातला मृत्यूदर आपोआप कमी दिसतो, आणि ज्या विभागात डामा जास्त तो विभाग कागदावर जास्त चांगला ठरतो. त्यामुळे मृत्यू "डिस्चार्जपर्यंत" न मोजता ऑपरेशनपासून ३० दिवसांपर्यंत मोजा, पेशंट कुठेही असो. डामाच्या पेशंटलाही तिसाव्या दिवशी फोन गेलाच पाहिजे.

कोणी मोजायचं याचं उत्तर सोपं आहे: ज्याने ऑपरेशन केलं त्याने नाही. निवासी डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षित परिचारिका, कोणीही चालेल.

आकडेमोड

चांगला धागा. छोट्या आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण न्यूरोसर्जरीत एकेका ऑपरेशनची संख्या छोटीच असते.

"आमच्या ३० अॅन्युरिझम क्लिपिंगमध्ये (मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याला चिमटा लावण्याच्या ऑपरेशनात) एकही मृत्यू नाही" असं कोणी म्हणालं तर ३ ला ३० ने भागा. उत्तर १०%. म्हणजे खरा मृत्यूदर १०% इतका असला तरी ३० जणांत शून्य मृत्यू दिसू शकतात. ९५% विश्वासमर्यादेची वरची कड तिथे आहे. शून्य घटनांसाठी हा तीनचा नियम पाठच करून ठेवा. ३०० जणांत शून्य असेल तर कड १% वर येते, आणि मग त्या दाव्यात दम आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. अपेक्षित मृत्यूदर ५% धरा. एखाद्या सर्जनने २० ऑपरेशनं केली आणि दोन पेशंट गेले, म्हणजे १०%, अपेक्षेच्या दुप्पट. पण काहीही चुकलेलं नसताना निव्वळ योगायोगाने दोन किंवा जास्त मृत्यू होण्याची शक्यता सुमारे २६% आहे. तेच २०० ऑपरेशनांत २० मृत्यू झाले तर टक्केवारी तीच १०, पण योगायोगाची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते आणि चौकशी व्हायलाच हवी. म्हणूनच विभागांची तुलना क्रमवारीच्या यादीने करू नये, फनेल प्लॉटने करावी: आडव्या अक्षावर ऑपरेशनांची संख्या, उभ्यावर दर, आणि संख्या वाढेल तशा जवळ येणाऱ्या दोन मर्यादारेषा. रेषांच्या आतले सगळे एकसारखेच समजायचे. त्यात पहिला कोण आणि नववा कोण याला अर्थ नसतो.

विभागातल्या विभागात नजर ठेवायची तर क्युसम आलेख काढा. दर ऑपरेशननंतर "प्रत्यक्ष वजा अपेक्षित" ची बेरीज पुढे न्यायची. रेष सतत वर चढायला लागली की वर्षअखेरची वाट बघायची गरज नाही.

रात्रपाळी

"सुरुवातीला पेशंट कोणत्या अवस्थेत होता" हे सगळं ग्लासगो कोमा स्केलवर (जीसीएस, शुद्ध किती आहे ते मोजणारी पट्टी) उभं आहे, आणि नोंद तिथेच बिघडते. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ही पट्टी दिली ती डोळे (ई), बोलणं (व्ही), हालचाल (एम) हे तीन घटक वेगवेगळे बघण्यासाठी. आपल्या केसपेपरवर मात्र "जीसीएस ८" एवढंच लिहिलेलं असतं.

बेरीज लिहूच नका असं मी म्हणत नाही, पण तिन्ही घटक आधी लिहा. ई२ व्ही२ एम४ आणि ई१ व्ही१ एम६ दोन्हींची बेरीज आठ, पण पेशंट पूर्ण वेगळे. नळी घातलेल्या पेशंटला व्ही१ देऊ नका, व्हीटी लिहा. डोळे सुजून मिटले असतील तर ई१ नाही, "तपासता येत नाही" असं लिहा. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर एमची नोंद निरुपयोगी आहे. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ शेजारी लिहा.

सर्वात जास्त गोंधळ एम४ आणि एम५ मध्ये होतो. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेच्या खाचेवर दाब द्यायचा. हात कॉलरबोनच्या वर, दाबाच्या दिशेने आला तर एम५. फक्त कोपर वाकून हात मागे घेतला तर एम४. नखावर दाब देऊन एम५ ठरवता येत नाही. दोन बाजू वेगळ्या असतील तर चांगल्या बाजूचा आकडा गुणांकनात आणि वाईट बाजू शेऱ्यात. बाहुल्यांचा आकार आणि प्रकाशाला प्रतिसाद याच वेळी, याच ओळीत.

न्यूरोवॉर्ड

@रात्रपाळी, अगदी नेमकं. वय, मोटर स्कोअर (एम) आणि बाहुल्या, एवढ्या तीन गोष्टी नीट लिहिलेल्या असतील तर हेड इंज्युरीचा परिणाम वर्तवणारं इम्पॅक्टचं मूळ मॉडेल वापरून प्रत्येक पेशंटची सहा महिन्यांची मृत्यूची आणि वाईट परिणामाची शक्यता काढता येते. अशाच दुसऱ्या, क्रॅशच्या गणकात देश निवडायचा असतो, कारण कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी त्यांचं समीकरण वेगळं आहे. ते १४ दिवसांचा मृत्यू आणि सहा महिन्यांचा परिणाम सांगतं. वर्षभराच्या पेशंटांच्या या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित, हा खरा तुलनेचा आकडा. गडचिरोलीहून कित्येक तास अँब्युलन्समध्ये आलेला एम२ चा पेशंट आणि शहरातल्या शहरात पाऊण तासात पोचलेला एम५ चा पेशंट एकाच टक्केवारीत कोंबणं हा त्या लांबच्या पेशंटला घेणाऱ्या रुग्णालयावर अन्याय आहे.

पुनर्वसन

सहा महिन्यांचा फोन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सविस्तर.

ग्लासगो आउटकम स्केल, म्हणजे डोक्याच्या मारानंतर माणूस कितपत सावरला याची पट्टी, १९७५ ची, पाच पायऱ्यांची. आता आठ पायऱ्यांची (पहिली मृत्यू, आठवी सर्वात चांगली) विस्तारित पट्टी वापरतात आणि तिची ठरलेली प्रश्नावली आहे. प्रश्नावली बाजूला ठेवून "कसे आहेत आता?" विचारलं की उत्तर येतं "बरे आहेत, देवाची कृपा". या उत्तराला तिसरी पायरीही देता येते आणि आठवीही.

पट्टीतला पहिला मोठा उंबरठा: माणूस गरज पडल्यास २४ तास घरी एकटा राहू शकतो का? आपल्या घरांत एकटं राहायची वेळच येत नाही, म्हणून नातेवाईक "आम्ही सोडतच नाही" म्हणतात आणि फोन करणारा "अवलंबून" अशी खूण करतो. प्रश्न क्षमतेचा आहे. त्यामुळे फोडून विचारा. न सांगता अंघोळ करून धुतलेले कपडे घालतात का? कोणी नसताना जेवणाचं स्वतःचं स्वतः बघतील का? दारात अनोळखी माणूस आला तर काय बोलायचं ते कळेल का? गॅस चालू राहिला, पाणी वाहत राहिलं तर लक्षात येईल का? याची उत्तरं "नाही" असली तर पुढचा प्रश्न: दिवसा आठ तास एकटं सोडता येईल का? येत असेल तर चौथी पायरी, नाही तर तिसरी.

प्रवासाच्या प्रश्नात गाडी चालवता येणं आवश्यक नाही. रिक्षा बोलावून चालकाला पत्ता नीट सांगता आला तरी पुरे. खरेदीत वाण्याकडे यादी घेऊन जाणं, पैसे देणं, उरलेले मोजून घेणं. कामाच्या प्रश्नात शेतकऱ्याला आणि घर सांभाळणाऱ्या बाईला "नोकरी नाही" म्हणून वगळू नका. आधी जे काम करत होते ते तेवढंच करतात का, हे विचारा.

आणि चिडचिड. डोक्याच्या माराने स्वभाव बदलतो, घरचं वातावरण बिघडतं. ते रोजचं आहे, आठवड्यातून एकदा तरी होतं, की क्वचित, यावर पाचवी, सहावी, सातवी पायरी ठरते. हा प्रश्न पेशंटसमोर स्पीकरवर विचारला तर बायको किंवा आई खरं बोलणार नाही. नातेवाईकाशी वेगळं बोला. पेशंटशीही बोला, पण त्याला स्वतःतला बदल जाणवत नसतो हे धरून चाला.

प्रत्येक प्रश्नाला "अपघाताआधी कसं होतं?" हा जोडप्रश्न आहेच. तो गाळला तर आधीपासून अर्धांगवायू असलेला माणूस तुमच्या ऑपरेशनचा वाईट परिणाम म्हणून मोजला जाईल. पायही मोडलेला असेल तर त्याची अडचण धरायची की फक्त डोक्याच्या माराची, हे सर्वांसाठी एकच आणि आधी ठरवा.

वाचक

फोन लागलाच नाही तर? नंबर बदलतात, कामासाठी स्थलांतर होतं.

पुनर्वसन

भरतीच्या वेळी तीन नंबर: पेशंटच्या घरातला एक, गावात राहणारा नातेवाईक एक, आणि आशाताईंचा किंवा जवळच्या किराणा दुकानाचा एक. डिस्चार्जच्या दिवशी तिन्ही लावून बघायचे, तिथेच. महात्मा फुले योजनेतल्या पेशंटांची कागदपत्रं असतात, पण त्यात नंबर कित्येकदा ज्याने अर्ज भरून दिला त्याचाच असतो.

आकडेमोड

आणि जे सापडले नाहीत त्यांना टक्केवारीतून गुपचूप काढू नका. १०० पेशंट, ७० सापडले, त्यातले ४९ चांगले. "७०% चांगले" असं लिहिलं तर न सापडलेले ३० जण सापडलेल्यांसारखेच आहेत असं तुम्ही गृहीत धरलंत. ते सगळे वाईट असतील तर ४९%, सगळे चांगले असतील तर ७९%. दोन्ही कडा छापा. अंतर एवढं मोठं असेल तर आधी फोनची व्यवस्था सुधारायची.

शंट_आणि_ड्रेन

संसर्गाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिली चूक मुदतीची. क्रॅनिऑटॉमी (कवटी उघडणं), शंट (मेंदूतलं जादा पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी नळी), मणक्याचं फ्यूजन (मणके जोडणं) यांच्या खोल संसर्गासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या व्याख्येत ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं. वरवरच्या जखमेसाठी ३०. टाके काढायला आलेल्या दिवशी "जखम स्वच्छ" लिहून फाईल बंद केली तर शंटचे कित्येक संसर्ग नजरेतून सुटतात.

मेंदूतलं पाणी तात्पुरतं बाहेर काढणाऱ्या ड्रेनचा, म्हणजे ईव्हीडीचा, संसर्ग पेशंटच्या टक्क्यात मोजू नका, दर १००० ड्रेन-दिवसांमागे मोजा. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा सकाळी आठला, वॉर्ड आणि आयसीयूत किती जणांना ईव्हीडी आहे ते लिहायचं. महिन्याची बेरीज म्हणजे ड्रेन-दिवस. ४८० ड्रेन-दिवसांत ६ संसर्ग झाले तर दर १२.५. यामुळे दोन दिवस ड्रेन ठेवणारा विभाग आणि पंधरा दिवस ठेवणारा विभाग यांची तुलना करता येते.

कोणता संसर्ग खरा, हेही ठरवा. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, रक्तस्राव झाला असेल तर पाण्यात पांढऱ्या पेशी तशाही वाढतात. अशा वेळी सेल इंडेक्स काढतात: पाण्यातल्या पांढऱ्या-तांबड्या पेशींचं गुणोत्तर भागिले रक्तातल्या पांढऱ्या-तांबड्या पेशींचं गुणोत्तर. एका आकड्यावर न जाता तो चढतोय का ते बघायचं. पण त्यासाठी रोज ड्रेन उघडून नमुना घेऊ नका. जितक्या वेळा जोड उघडाल तितकी जंतू शिरायची संधी वाढते.

शंटच्या बाबतीत परिणाम सुधारल्याची चांगली उदाहरणं आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या हायड्रोसेफलसच्या (मेंदूत पाणी साठण्याच्या) रुग्णालयांनी मिळून सगळ्यांसाठी एकच कृती ठरवली: थिएटरच्या दारावर ये-जा थांबवणारी पाटी, डोकं दारापासून लांबच्या बाजूला, चीर देण्याआधी अँटिबायोटिक, क्लोरहेक्सिडिन लावून ते वाळेपर्यंत थांबणं, दुहेरी ग्लोव्ह्ज वगैरे. संसर्ग ८.८% वरून ५.७% वर आला (२०११). यातली एकही पायरी महाग नाही. नंतर ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बेसिक्स चाचणीत (२०१९) अँटिबायोटिक मुरवलेल्या नळीने संसर्गामुळे कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या २%, साध्या आणि चांदीच्या नळीने ६% अशा निघाल्या. शंट एकूण बंद पडण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता. तेव्हा "शंट रिव्हिजन" असा एकच रकाना ठेवू नका. संसर्ग, वरचं टोक तुंबणं, खालचं टोक तुंबणं, नळी तुटणं, जादा पाणी वाहून जाणं, प्रत्येकाचा वेगळा.

मणका

मणक्यासाठी एक्स-रेवर स्क्रू सरळ दिसला म्हणजे परिणाम चांगला, असं होत नाही. पेशंटलाच विचारावं लागतं. कंबरेसाठी ओस्वेस्ट्री निर्देशांक (दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात किती अडतं याची प्रश्नावली), आणि त्याच्या २.१ए आवृत्तीचा मराठी अनुवाद तपासून प्रमाणित झालेला आहे. घरगुती भाषांतर करत बसू नका.

दहा विभाग, प्रत्येकी ० ते ५. लैंगिक जीवनाचा विभाग आपल्याकडे सर्रास कोरा सोडतात. म्हणून ५० ने भागायचं नाही. नऊ विभाग भरले आणि बेरीज १८ आली तर १८ भागिले ४५, म्हणजे ४०%. ५० ने भागलं तर ३६% येतं आणि पेशंट आहे त्यापेक्षा बरा दिसतो. ऑपरेशनपूर्वी भरला आणि नंतर कोरा सोडला तर खोटी सुधारणाच दिसते.

फॉर्म ऑपरेशनपूर्वी भरलेला नसेल तर नंतरच्या आकड्याचा काही उपयोग नाही. भरतीच्या दिवशी नको, त्या दिवशी भीतीने दुखणं वेगळंच असतं. ऑपरेशन ठरतं त्या ओपीडीत भरून घ्या. कंबरदुखी आणि पायाची कळ ० ते १० वर वेगवेगळी विचारा. डिस्केक्टॉमी (सरकलेली चकती काढणं) मुळात पायाच्या कळेसाठी असते. एकत्र विचारलं तर पाय पूर्ण मोकळा झालेला माणूसही "थोडं दुखतंय" म्हणून मध्येच कुठेतरी खूण करतो.

न्यूरोवॉर्ड

ट्यूमरबद्दल थोडक्यात. किती गाठ काढली हे सर्जनच्या अंदाजावर लिहू नका. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत कॉन्ट्रास्ट एमआरआय झाला पाहिजे. त्यानंतर शस्त्रक्रियेमुळेच कडा चमकायला लागतात आणि उरलेली गाठ कोणती ते सांगता येत नाही. सोबत डिफ्यूजनचे फोटो घ्या, नाहीतर कडेला झालेला इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) तीन महिन्यांनी "गाठ परत आली" म्हणून वाचला जातो. नवीन लुळेपणा किंवा बोलण्यातला दोष डिस्चार्जला आणि तीन महिन्यांनी, दोन्ही वेळी लिहा. मेंदूतल्या सप्लिमेंटरी मोटर भागाच्या (हालचालीची तयारी करणाऱ्या) ऑपरेशननंतर आलेला लुळेपणा काही आठवड्यांत बराचसा भरून येतो. फक्त डिस्चार्जचा आकडा धरला तर असा सर्जन विनाकारण बदनाम होईल, आणि फक्त तीन महिन्यांचा धरला तर पेशंटने सोसलेले ते आठवडे पुसले जातील.

वाचक

मग हे आकडे सर्जनच्या नावासकट लोकांपुढे का ठेवू नयेत? पेशंटला हक्क आहे.

आकडेमोड

हक्क आहेच. पण न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकात बायपासचे सर्जननिहाय मृत्यूदर प्रसिद्ध केले तेव्हापासून, अतिगंभीर पेशंट टाळले जातात का, हा वाद चालू आहे. न्यूरोसर्जरीत हा धोका जास्त वाटतो. अॅन्युरिझम फुटून डब्ल्यूएफएनएस ग्रेड ५ मध्ये, म्हणजे सर्वात वाईट अवस्थेत, आलेल्या पेशंटला "बेड नाही" म्हणणं फार सोपं असतं. माझं मत: विभागाचे आकडे, अपेक्षित मृत्यूंशी ताडून, उघड करावेत, आणि नाकारलेल्या पेशंटांची संख्याही त्यात असावी.

न्यूरोवॉर्ड

मी याबाबत थोडा पुढे जाईन. बोस्टनचा सर्जन कॉडमन याने शंभर वर्षांपूर्वी आग्रह धरला होता की प्रत्येक पेशंटचा उपचार यशस्वी झाला का हे कळेपर्यंत त्याचा मागोवा घ्या, आणि झाला नसेल तर का, ते लिहा. याच कॉडमनने आणि पुढे न्यूरोसर्जन झालेल्या हार्वे कुशिंगने विद्यार्थी असताना भूल देतानाच्या नाडी-श्वासाचे तक्ते सुरू केले होते. उघड करण्याला आमच्या क्षेत्रात जुनी परंपरा आहे. नाकारलेल्या पेशंटांचा रकाना मात्र हवाच, त्याबद्दल @आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत.

वाचक

जिल्ह्याच्या ठिकाणच्या, एकच न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाने सुरुवात कुठून करावी? हे सगळं एकदम जमणार नाही.

शंट_आणि_ड्रेन

क्रॉनिक सबड्युरलपासून, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेल्या रक्तापासून. पेशंट भरपूर, ऑपरेशन ठरलेलं, आणि काय केल्याने फरक पडतो ते माहीत आहे. केंब्रिजच्या २००९ च्या चाचणीत बर होलनंतर (कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढल्यावर) ड्रेन ठेवला तेव्हा ९.३% पेशंटांत रक्त पुन्हा साठलं, न ठेवता २४%; सहा महिन्यांतले मृत्यूही ८.६% विरुद्ध १८.१%. त्यामुळे एकाच पानावर काम भागतं: वय, भरतीचा जीसीएस घटकांसह, बाजू, ड्रेन ठेवला का, नसेल तर का नाही, किती तासांनी काढला, पुन्हा ऑपरेशन लागलं का आणि कितव्या दिवशी, सहा महिन्यांनी मॉडिफाइड रँकिन या अपंगत्वाच्या पट्टीवर ० (काही त्रास नाही) ते ६ (मृत्यू).

रात्रपाळी

त्यात एक रकाना वाढवा: रक्त पातळ करणारी गोळी कोणती होती, कधी बंद केली, परत कधी चालू केली आणि कोणाच्या सांगण्यावरून. यातले बरेच पेशंट वयस्कर, हृदयाच्या गोळ्यांवर असतात. डिस्चार्ज कार्डावर "गोळी परत सुरू करण्याची तारीख" नसेल तर कोणी दुसऱ्याच दिवशी सुरू करतं आणि कोणी कधीच नाही. मग परत साठलेलं रक्त किंवा नंतर आलेला पक्षाघात कशामुळे, ते नोंदवहीतून शोधता येत नाही.